पडीक जमिनीचे रहिवासी

दिवाळीच्या आधी तुम्हीही जळमटं काढली असतील. आमच्या डब्लिनच्या घरात लांब दांड्याचा झाडू नाही. स्विफरला फडकं गुंडाळून छताचे कोपरे पुसावे लागतात, आणि गॅरेजमध्ये दर ऑक्टोबरला कोळ्यांची नवी वसाहत सापडते. लहानपणी कल्याणला हे काम माझ्याकडेच असायचं. आई खालून सांगायची, "तो कोपरा राहिला बघ." कोळी दिसला की झाडू, एवढाच माझा आणि त्या प्राण्याचा पन्नास वर्षांचा संबंध. त्यामुळे यंदाच्या अंकासाठी मी कोळ्यावर लिहितोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "आधी गॅरेज झाड, मग लिही." गॅरेज झाडलं आहे. आता लिहितो.

2021 साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या प्रजातींची शास्त्रीय नोंद झाली. एकीचं नाव फिंटेला चोळकेई, दुसरीचं आयसियस तुकारामी. ध्रुव प्रजापती, जॉन केलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या अभ्यासकांनी ती केली. यातला तुकाराम देहूचा नव्हे. हा तुकाराम ओंबळे, मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव काही मिलिमीटरच्या एका जिवाला दिलं. साबुदाण्याएवढा की तांदळाएवढा, एवढाच काय तो वाद.

हे मला कोणी सांगितलं असेल? मुलीने. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी बोलते, वाचायला कंटाळते. (हा लेख मी तिला वाचून दाखवणार आहे. तुमच्याकडेही तसंच असेल तर तुम्हीही दाखवा.) सप्टेंबर-ऑक्टोबरात माउंट डायब्लोवर नर टॅरान्टुला जोडीदार शोधत संध्याकाळी रस्त्यावर येतात, ते बघायला ती मैत्रिणींबरोबर गेली होती. तिथून परत आल्यावर कोळ्यांविषयी काहीबाही शोधता शोधता तिला आयसियस तुकारामी सापडला. "बाबा, कल्याण म्हणजे तुझंच कल्याण ना?" मी म्हटलं, हो. "मग तू बघितलायस हा?"

मी बघितलेला असेलही. झाडूने मारलेलासुद्धा असेल.

या कोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जळमटांची बदनामी त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. उड्या मारणारे कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत. ते शिकार करतात, मांजरासारखे दबा धरून. डोळे आठ. त्यातले समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. त्या दोन डोळ्यांच्या आत नळीसारखी रचना असते आणि तिच्या टोकाचा पडदा कोळी हलवू शकतो, म्हणजे डोकं न वळवता नजर फिरवतो. उडी मारतो तीही आपल्यासारखी मांड्यांच्या जोरावर नाही. पायांतल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो पाय झटक्यात सरळ करतो. उडी घेण्याआधी बसल्या जागी रेशमाचा एक धागा चिकटवून ठेवतो, चुकली तर लोंबकळून परत यायला. नर मादीपुढे नाचतात, पाय वर करून, अगदी गरब्यातल्यासारखे. जगातल्या कोळ्यांत हेच कुटुंब सगळ्यात मोठं, सहा हजारांहून जास्त प्रजातींचं. आणि एक प्रजाती दुसरीपासून वेगळी आहे हे बहुतेक वेळा नुसतं बघून कळत नाही. नराच्या तोंडाजवळच्या छोट्या अवयवांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. म्हणूनच घराच्या अंगणातलं एखादं झुडूप पिढ्यान् पिढ्या आपल्या ओळखीचं असतं आणि त्यावरचा रहिवासी विज्ञानाला 2021 पर्यंत माहीत नसतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही कल्याणला गेलो तेव्हा मुलीने दोन सकाळ माझ्याकडून मागून घेतल्या. लग्नं आणि दागिन्यांच्या खरेदीतून दोन सकाळ काढणं सोपं नसतं, तुम्हाला माहीत आहे. "तू लहानपणी जिथे खेळायचास तिथे जाऊ," ती म्हणाली. आम्ही राहायचो पारनाक्याला. सुट्टीत सायकली काढून खडकपाड्याच्या पुढे, गांधारीच्या पुलाकडे जायचो. मध्ये शेतं, करवंदीच्या जाळ्या, बाभळी, पावसाळ्यात कमरेएवढं गवत. त्या भागाला मोठी माणसं "पडीक" म्हणायची.

मी तिला तिथे घेऊन गेलो आणि जिथे पोचलो ती माझीच सोसायटी होती.

हे मी अलंकारासाठी लिहीत नाही. बारा वर्षांपूर्वी मी त्या भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी घेतला आहे. कोणी घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. कोणी शिळफाट्याला, कोणी बदलापूरला. आईबाबांसाठी, गुंतवणूक म्हणून, किंवा परत जायचं झालं तर हाताशी असावा म्हणून. माझा फ्लॅट वर्षातले अकरा महिने बंद असतो. शेजारी चावी ठेवली आहे, ते अधूनमधून खिडक्या उघडतात.

मुलीने इमारतीकडे बघितलं, मग गुगल मॅपवर जुनी उपग्रह-चित्रं बघितली. आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "हे विकत घेताना इथे काय होतं, हे कोणी सांगितलं होतं का तुला?"

सांगितलं होतं. विक्रेत्याने सांगितलं होतं की जमीन मोकळी होती, कोणाचा वाद नाही, कूळ नाही. सात-बारा स्वच्छ. मी एवढंच विचारलं होतं, आणि तेवढंच विचारायचं असतं असं मला वाटत होतं.

सोसायटीच्या मागे नाल्याकाठी एक पट्टा अजून शिल्लक आहे. असेल दीडशे फूट लांब. घाणेरी, रुई, एक जुनी बोर, आणि पानांचा खच. तिथे आम्ही दोन सकाळ घालवल्या. पानं उलटायची, थांबायचं, वाट बघायची. उड्या मारणारे कोळी पुष्कळ दिसले. एक तर तिच्या फोनच्या काचेवर उडी मारून बसला आणि समोरच्या दोन डोळ्यांनी आमच्याकडे बघत राहिला. तो तुकारामी होता का? फोटोवरून ठरवता येईल अशी ही गोष्टच नाही. वॉचमन काका मात्र दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले आणि त्यांनी बोरीच्या खोडावरचे तीन आम्हाला दाखवले. "हे इथलेच," म्हणाले, "आमच्या आधीपासूनचे."

आता माझा मुद्दा सांगतो. आपण परदेशस्थ मराठी माणसं दोन्ही देशांत जमिनीचे गिऱ्हाईक आहोत. दोन्हीकडे ज्या जमिनीला "रिकामी" म्हणतात तिच्यावरच आपली घरं उभी राहतात. आणि गिऱ्हाइकाला विचारण्याचा हक्क असतो. आपण भाजीवाल्याला मेथी कुठली म्हणून विचारतो, इथे कॉस्टकोत आंबा कुठल्या देशाचा हे लेबल वाळवंटात पाणी शोधावं तसं शोधतो. दीड कोटीच्या फ्लॅटला मात्र फक्त पार्किंग आणि ताबा कधी एवढंच विचारतो.

"पडीक" या शब्दाशी माझं भांडण आहे. जिथे कोणी पेरत नाही ती जमीन पडीक. हा शेतसाऱ्याचा शब्द आहे, जमिनीचं वर्णन नव्हे. मुंबईतलं आरे बघा. 1949 साली दुधासाठी वसवलेली वसाहत, शहराच्या हिशेबात गोठे आणि गवत. त्याच गवतात एका विंचवाला 2010 साली आणि टॅरान्टुलाच्या कुळातल्या एका कोळ्याला 2014 साली आरेचंच नाव मिळालं: लायकास आरेयेन्सिस, हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. दोन्ही झिशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी नोंदवले. पुढे 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडं दोन-तीन दिवसांत तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर बहुतेक काम उरकलं होतं. मी त्या मेट्रोतून प्रवास करणार आहे, तुम्हीही कराल, आणि ती मुंबईला हवीच होती. पण "तिथे होतंच काय" हा त्या वेळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला प्रश्न मला आजही बोचतो, कारण उत्तर छापून आलेलं होतं. वाचायचं आपल्यावर होतं.

आणि इथे? आपण जेव्हा डब्लिनला आलो तेव्हा पूर्वेकडच्या टेकड्या बघून काय म्हणालो होतो ते आठवा. "उन्हाळ्यात अगदी वाळकं, उजाड वाटतं." 2010 च्या जनगणनेत गावात 46 हजार माणसं होती, 2020 मध्ये 72 हजार. त्या वाढलेल्या माणसांत आपण आहोत, आणि आपली घरं त्याच वाळक्या टेकड्यांवर आहेत.

या टेकड्यांपासून दोन-एक तासांवर, मॉन्टेरेला जाताना, मॉस लँडिंगचा किनारा लागतो. पाहुणे आले की आपण सगळेच तिथे समुद्रातले ऑटर दाखवायला थांबतो. तिथल्या वाळूच्या टेकड्यांत 1997 साली जेसन बाँड या शास्त्रज्ञाला बिळात राहणारी एक कोळ्याची मादी सापडली. कोणत्याच ओळखीच्या प्रकारात ती बसेना. नर सापडल्याखेरीज काम पुढे सरकेना. तो मिळायला 2019 उजाडलं. 2020 मध्ये नोंद प्रसिद्ध झाली ती नुसत्या नव्या प्रजातीची नव्हे, नव्या वंशाचीच. पर्यटक ज्या वाळूवर चटई टाकतात त्या वाळूत तो राहत होता. बाँड यांनी नाव सुचवा म्हणून लोकांनाच आवाहन केलं आणि ठरलेलं नाव आहे क्रिप्टोक्टेनिझा कावताक. कावताक म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर. शब्द मुत्सुन भाषेतला, त्या किनाऱ्याच्या आसपास राहणाऱ्या ओलोनी लोकांच्या भाषेपैकी एक. मुत्सुन अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, असेन्सियोन सोलोर्सानो, 1930 साली गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी एका भाषा-अभ्यासकाला शब्द सांगून ठेवले होते, आणि आज त्यांचे वंशज त्या टिपणांवरून भाषा पुन्हा शिकत आहेत.

या अंकाची अर्धी पानं मराठीत आणि अर्धी इंग्रजीत का असतात हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा हे वाचून माझ्यासारखंच तुमच्याही पोटात काहीतरी हललं असेल. कावताक हा शब्द उरला, पण ज्यांचा तो शब्द होता त्यांच्या हातातून किनारा केव्हाच गेला होता. आयसियस तुकारामीचं मला हेच भय वाटतं. नाव कायमचं नोंदलेलं आहे. जागतिक कोळी-सूचीत 2022 साली पन्नास हजारावी प्रजाती दाखल झाली, त्या रांगेत आपल्या ओंबळ्यांचं नावही आहे, ते कोणी पुसणार नाही. पण नाव मिळालं म्हणजे जागा राखली गेली असं होत नाही. पुतळा उभारला की माणसाचं ऋण फिटलं असं समजायची आपल्याला सवय आहे. इथे तर पुतळा जिवंत आहे, आणि त्याला राहायला झुडूप लागतं.

"म्हणजे कोळ्यासाठी माणसांनी घरं बांधायची नाहीत का?" हे तुम्ही मनात म्हणालाच असाल. माझा मेहुणा तर तोंडावर म्हणाला. तो रोज कल्याण-सीएसएमटी फास्टला लोंबकळतो. त्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याला घर हवं, आणि कोळ्याच्या नावाने त्याचं घर अडवणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहणार नाही. पण बंद फ्लॅटच्या मालकाने, म्हणजे मी, त्याच्या गरजेआड लपू नये.

शिवाय प्रश्न दर वेळी "कोळी की माणूस" असाच नसतो. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळच्या गुहांमध्ये डोळे नसलेला एक लहानसा कोळी आहे, सिक्युरिना वेनी, त्या एकाच काउंटीतला. 2000 पासून तो संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित. 2012 साली महामार्गाखालून रस्ता काढण्याचं खोदकाम चालू असताना तो तिथे सापडला आणि काम थांबलं. आराखडा बदलून खालून जाण्याऐवजी उड्डाणपूल करायचं ठरलं. खर्च दीड कोटी डॉलरवरून चार कोटी चाळीस लाखांच्या घरात गेला. लोक वैतागले, आणि वैतागणं साहजिक होतं. मलाही तो खर्च जास्तच वाटतो. पण जमिनीखाली काय आहे हे खोदायच्या आधी नीट बघितलं असतं तर तो आराखडा कागदावर असतानाच बदलता आला असता. उशिरा विचारलेला प्रश्न महाग पडतो, मग तो कोळ्याचा असो नाहीतर पायाच्या खडकाचा.

आधी विचारायची सोय दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रात 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती असते. वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या अर्जांची माहिती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर मिळते. मी माझ्या संकुलाची कागदपत्रं बारा वर्षं उशिरा उघडली. सांडपाणी, वाहनं, अग्निशमन यांची पानंच्या पानं. झाडांचा आकडा होता. कीटक, बेडूक, कोळी यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. खरेदीच्या आधी आमच्यातल्या पन्नास जणांनी विक्रेत्याला ती ओळ मागितली असती तर ती आली असती. गिऱ्हाईक स्विमिंग पूल मागतं तर स्विमिंग पूल येतो ना?

डब्लिनमध्ये तर मत देता येतं. 2014 मध्ये लिव्हरमोरच्या बाजूच्या डूलन कॅन्यनमध्ये शहराची हद्द वाढवण्याचा प्रस्ताव मेजर टी म्हणून मतदानाला आला होता आणि मतदारांनी तो मोठ्या फरकाने पाडला. 2024 मध्ये डब्लिन बुलेव्हार्ड वाढवण्याच्या निमित्ताने त्याच बाजूच्या जमिनीचा प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर होता. दोन्ही बाजूंना रास्त कारणं होती, तुम्ही कुठे शिक्का मारलात ते मी विचारणार नाही. पण मंडळाच्या कोजागरीत किती जणांशी बोललो, बहुतेकांनी ते पान "काय ते कळलं नाही" म्हणून कोरं सोडलं होतं. आपण सिटिझनशिपच्या परीक्षेला शंभर प्रश्न पाठ केलेली माणसं आहोत. एक पान वाचायला काय हरकत आहे?

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. या सुट्टीत आजीकडे गेलात तर इमारतीच्या मागच्या बाजूला जा, पुढच्या बाजूला नाही. पानं उलटा. उड्या मारणारा कोळी चावायला येत नाही, तुमच्याकडे वळून बघतो. फोटो काढा, आयनॅचरलिस्टवर जागेसकट टाका. नाव कळलं नाही तरी टाका. ओळखणारे लोक तिथे असतात, आणि तुम्ही टाकलेल्या फोटोमुळे पुढच्या अर्जात "तिथे काही नव्हतं" असं लिहिणं थोडं अवघड होतं. वॉचमन काकांना विचारायला विसरू नका.

माझ्या सोसायटीचं आता असं झालं आहे की नाल्याकाठचा तो पट्टा साफ करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वाढदिवसांसाठी पार्टी एरिया करायचा, असा प्रस्ताव आहे. व्हॉट्सॲपवर सूचना आली तेव्हा खाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यातले सात अंगठे अमेरिकेतले, दोन सिंगापूरचे. आधी अशा सूचना मी न वाचता पुढे सरकवायचो. या वेळी मी सचिवांना मेल केली, मुलीने काढलेले बोरीवरच्या कोळ्यांचे फोटो जोडले, आणि लिहिलं की पार्टी एरिया गच्चीवर करा, त्याचा माझा वाटा मी जास्त देतो, पण पट्टा आहे तसा राहू द्या. उत्तर आलं, "साहेब, तिथे डास होतात." खरं आहे, होतात. मी परत लिहिलं की नाल्यातलं साचलेलं पाणी काढायचा खर्चही धरा, आणि उड्या मारणारे कोळी डासही खातात. त्यावर अजून उत्तर नाही.

तुमच्याही इनबॉक्समध्ये अशी एखादी न उघडलेली मेल असेल. आमची विशेष सभा जानेवारीत आहे, झूमवरही. कल्याणचे सकाळचे दहा म्हणजे इथले आदल्या रात्रीचे साडेआठ. त्या रात्री मुलगी माझ्या शेजारी बसणार आहे, आणि तिने तिचं म्हणणं मराठीत लिहून काढायला घेतलं आहे.